वैजूताईचे नियम

"आधी डोक्यावरून अंघोळ कर," वैजूताई म्हणाली. "चहाबिहा मग."

मी अजून पांघरुणातच होते. आदल्या दिवशी संध्याकाळी जर्मनीत केमनित्झला येऊन पोचले होते. बार्शीहून जीप, पुण्याहून मुंबई, मग विमान, मग दोन ट्रेन. डोळे मिटले की अजून सगळं हलत होतं.

"अगं ताई, निघताना तर धुतलेत केस. आईनं शिकेकाई लावून चांगले चोळचोळून..."

"विमानाचा वास येतोय त्यांना. ऊठ म्हणते ना! आणि गारच पाणी आहे. गरम येत नाहीये आज."

सप्टेंबर संपत आला होता. खिडकीच्या काचा धुक्यानं पांढऱ्या झालेल्या. मनात म्हटलं, कपाळ माझं! आदल्या संध्याकाळी हीच बाई स्टेशनवर मला कडकडून भेटली होती. "आली गं बाई माझ्या बार्शीची पोर!" म्हणत माझी जड बॅग स्वतः ओढत घरी घेऊन आली होती. आईनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू तिनं उभ्याउभ्या खाल्ले, लसणाची चटणी बोटानं चाटली. मी टेबलाच्या कोपऱ्यात माझा पितळी गणपती मांडला, आईनं वळून दिलेल्या वातींतली एक काढली, तेव्हा काडी हिनंच पेटवून दिली होती. आणि एका रात्रीत बाई पार बदलली.

पहाटे फोन वाजलेला मला अर्धवट झोपेत ऐकू आला होता. ताई पलीकडच्या खोलीत हळू आवाजात "हो, हो" म्हणत होती. मला वाटलं, हिच्या घरचा असेल.

गार पाणी डोक्यावर पडलं तशी मी किंचाळलेच. ताई दाराबाहेर उभी होती. "अजून एक तांब्या घे," म्हणाली.

वैजयंती घुले म्हणजे आमच्या विनूदादाच्या वर्गमित्राची थोरली बहीण. इथं चार वर्षं राहून डॉक्टरेट करत होती. हॉस्टेलची खोली मिळेपर्यंत मी तिच्याकडे राहायचं, असं दादानं ठरवून दिलं होतं. बार्शीत तिची ख्याती अशी की पोरगी हुशार, पण फटकळ. शेजारपाजारच्या बाया म्हणायच्या, हिच्या जिभेला हाड नाही. मला ते आता पटायला लागलं.

केस पुसत बाहेर आले तर घरात चुलीची आच नाही. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या तेलुगू मुलांकडून तिनं भात आणि पातळ आमटी आणली होती, अगदी भांड्यासकट. आमची शेगडी धडधाकट समोर दिसत होती.

"आपल्याकडे तांदूळ नाहीत का?"

"आहेत. आज इथं काही शिजवायचं नाही. जेव गुमान."

दोन घास खाल्ले. मग गणपतीपुढं दिवा लावायला वात काढली, तर तिनं माझ्या हातातून काडेपेटी काढूनच घेतली.

"दिवा नाही लावायचा."

"काल तर लावला!"

"काल नशीब." तिनं छताकडं बोट केलं. तिथं पांढरी गोल डबी होती. "तो धुराचा अलार्म आहे. वाजला की बंब येतो. मग सगळ्या इमारतीला खाली उतरवतात आणि बोंब आपल्या नावानं."

"अगं, एवढीशी वात. त्यानं कसला बंब येतोय?"

"उज्ज्वला, इथले नियम मला माहीत आहेत का तुला?"

मी वात परत ठेवून दिली. परक्या मुलखात, दुसऱ्याच्या घरात, बोलणार तरी काय? गणपतीला मनातल्या मनात सांगितलं, बाबा रे, काही दिवस अंधारात बस.

खरं तर माझं सगळं लक्ष बार्शीकडं होतं. बाबांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर जायचे, आले की भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. शाळेत चित्रकला शिकवणारा माणूस, पण आता पेन्सिलसुद्धा हातात ठरत नव्हती. अशा माणसाला सोडून मी निघाले होते. मला निघायचंच नव्हतं. आईनंच हाकलली म्हणा ना. "तू इथं बसून काय त्यांच्या किडन्या शिवणार आहेस?" असं म्हणाली होती. "आणि एक ऐक. तिथं विद्यापीठात नाव नोंदलं जात नाही तोवर मागं फिरायचं नाही. इकडं आभाळ कोसळलं तरी."

निघायच्या दिवशी जीप दारात उभी असताना मी विनूदादाला माजघरात ओढून नेलं. "बाबांचं काही झालं तर मला सांगायचं. लपवायचं नाही. तसली माणसं असतात, परदेशात आहे म्हणून सांगत नाहीत. तू शपथ घे."

"घेतली."

"अशी नाही. आईची शपथ घे."

"तिला कशाला मध्ये आणतेस?"

"घे म्हणते ना! बाबांचं एक अक्षर लपवणार नाही म्हण."

आई ओट्यापाशी माझ्यासाठी दशम्या बांधत होती. तिथूनच हसली. "घे रे घे. मला काय धाड भरलीय?"

मग दादानं गळ्याला हात लावून शपथ घेतली. तेव्हा कुठे माझा पाय घरातून निघाला.

त्या पहिल्या दिवशी दुपारी ताईला म्हटलं, घरी फोन करते. ती म्हणाली, कार्ड संपलंय. दुसऱ्या दिवशीही संपलेलंच. शेवटी मी स्वतःच स्टेशनजवळच्या दुकानातून कार्ड आणलं आणि रस्त्यावरच्या बूथमधून फोन लावला. पलीकडं आवाज आला सोलापूरच्या मावशीचा.

"मावशी? तू कशी काय आमच्याकडं?"

 ती म्हणाली, "अगं, सहज. भाऊजींना बघायला."

 मावशीचे गुडघे असे की ती जिना उतरत नाही, आणि सोलापूरहून बार्शीला सहज आली?

"बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत हो. विनूशी बोल."

दादा आला. त्याचा आवाज बसलेला. "उजे, बाबा ठीक आहेत. खरंच. आजच डायलिसिस करून आलेत."

"मग तुझ्या घशाला काय झालंय?"

"सर्दी आहे."

"आईकडं दे."

"ती दवाखान्यात आहे."

"अरे, बाबा घरी आहेत तर ती दवाखान्यात काय करतेय?"

"औषधं आणायला गेलीय. तुझी नोंदणी झाली का?"

"शपथ आहे तुझ्यावर, दादा."

"आहे ना लक्षात," तो म्हणाला. कार्डाचे पैसे होते, पण त्यानंच फोन ठेवला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. सकाळी नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, तिथून बँक, तिथून विम्याचं ऑफिस, आणि या सगळ्यांचे शिक्के झाले की विद्यापीठ. एक जण म्हणणार आधी तो शिक्का आणा, दुसरा म्हणणार आधी हा. भाषेची बोंब. ताई प्रत्येक ठिकाणी माझ्यासोबत यायची, माझ्यावतीनं भांडायची, ट्रॅममध्ये खिडकीची जागा मला द्यायची. आणि घरी आलं की परत तिचे नियम सुरू. वरणाला फोडणी घालायची नाही, अलार्म वाजेल. डोक्याला तेल लावायचं नाही, उशा खराब होतात. गादीत ढेकूण झालेत, खाली चटईवर झोपायचं. ढेकूण मला एकही दिसला नाही. पण ती स्वतःही माझ्या शेजारी फरशीवरच आडवी व्हायची, कमरेत उसण भरली तरी. तिचं हे काय चाललंय ते मला कळेना. मला वाटायचं, एकटीनं राहून राहून बाईचं डोकं फिरलंय.

बिनफोडणीचं वरण गिळताना आईची आठवण यायची. तिची फोडणी अशी असायची की वासावर शेजारची मुलं ताट घेऊन यायची. पण काळजी सगळी बाबांची. ट्रॅममध्ये बसले की मनात एकच: मावशी का आली? दादाचा घसा का बसला? बाबा गेले असतील का? मग मीच मला थोबाडीत मारल्यासारखं गप्प करायची. दादानं आईची शपथ घेतलीय. आईची शपथ खोटी घ्यायची कुणाची छाती आहे?

तरी एक दिवस सहन होईना. विम्याच्या ऑफिसातून बाहेर पडले आणि फूटपाथवरच खाली बसले. ताईला म्हटलं, "मी परत चाललेय. मला बाबांचा आवाज ऐकव, नाहीतर मी उद्याच्या विमानानं जाते. खड्ड्यात गेली नोंदणी."

 ताईनं बाजूला जाऊन तिच्या मोबाईलवरून फोन लावला. तिकडं कुणाशी तरी बराच वेळ बोलली आणि फोन माझ्या हातात दिला.

"उजू," बाबा म्हणाले.

काय सांगू! मी रस्त्यात ढसाढसा रडले. येणारे-जाणारे बघत होते. बघेनात का! माझा बाप जिवंत होता.

"बाबा, तुम्ही बरे आहात ना? खरं सांगा."

"मी आहे गं. मला काय होतंय?"

"मावशी आली म्हणून मी घाबरले."

"हं."

"आई कुठंय?"

 मागं कुणीतरी नाक ओढलं. "इथंच आहे," बाबा म्हणाले. "झोपलीय. दमली होती फार."

"दुपारची झोपलीय? आई? माझ्या मागं जरा विसावली तरी म्हणायची! उठवू नका तिला. उठली की सांगा, उजू खुशाल आहे. वाती पुरवून वापरतेय म्हणावं."

"सांगतो," बाबा म्हणाले. "नाव नोंदव बाळा. तेवढं कर."

फोन ताईला परत दिला तेव्हा माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. मी हसत होते. ताई मात्र तोंड फिरवून चालायला लागली. म्हटलं, रुसली असेल, फूटपाथवर बसून मी तमाशा केला म्हणून.

दोनच दिवसांत विद्यापीठाचा शिक्का बसला. खिडकीतल्या बाईनं माझं नाव वाचायचा प्रयत्न केला, तिला काही जमेना, तीही हसली आणि मीही हसले. हातात माझा फोटो असलेलं ओळखपत्र आलं. मी धावत घरी आले. ताई अजून प्रयोगशाळेतून परतली नव्हती. म्हटलं, आज तिचे नियम गेले उडत. बाप बरा आहे, नाव नोंदलं गेलंय, आज गणपतीला शिऱ्याचा नैवेद्य दाखवायचा. दिवाही लावायचा. येऊ दे बंब आला तर.

आईनं दिलेला रवा काढला, तुपाची बाटली काढली. कढईत तूप टाकलं, रवा परतायला घेतला. त्या वासानं ती परकी खोली पहिल्यांदा घरासारखी वाटली. तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

"काय करतेयस?"

"शिरा! नोंदणी झाली, ताई! हे बघ." मी ओळखपत्र नाचवलं.

तिनं ते हातात घेतलं, बघितलं, आणि टेबलावर ठेवलं. मग सरळ येऊन शेगडी बंद केली.

"शिरा नको," म्हणाली.

"का नको?"

"गोड नको आज. उद्या-परवा करू."

माझं डोकं तडकलं. इतके दिवस गिळलेलं सगळं वर आलं. मी शेगडी पुन्हा लावली. "का नको ते सांग! दिवा लावायचा नाही, फोडणी घालायची नाही, तेल लावायचं नाही, गादीवर झोपायचं नाही. आता गोडही खायचं नाही? माझ्या घरात काय सुतक आहे का, ताई?"

बोलून गेले. रागात माणूस बोलतो तसं. आमच्या आळीत बायका उठता-बसता असं बोलतात.

ताई दोन पावलं मागं सरकली.

फटकळ बाई ती, तिच्याकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. आता ती ओट्याला टेकून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला डोक्यावरून ओतलेलं ते गार पाणी आठवलं. तेलुगू पोरांकडून आलेला भात आठवला. चटई आठवली. आमच्या आजोबांच्या वेळी घरात जे जे झालं होतं, ते सगळं या खोलीत झालं होतं, ओळीनं.

"बाबा?" मी म्हटलं. "पण बाबा तर परवा माझ्याशी बोलले..."

"बाबा नाही गं," ताई म्हणाली.

मला कळलंच नाही. खरं सांगते, तरीही कळलं नाही. मी मनातल्या मनात माणसं शोधत होते. आत्या? मावशी तर फोनवर होती. दादा? दादाही होता.

"आई," ताई म्हणाली. "उजू, आई गेली. तू आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे. बाबांचा दवाखान्याचा डबा करत होती, ओट्यापाशीच खाली बसली. डॉक्टर यायच्या आत संपलं होतं."

रवा जळायला लागला. कुणीच हात लावला नाही. काळा धूर वर चढला, छताला लागला, सगळी खोली भरली. ती पांढरी डबी गप्प होती. तिच्यात सेलच नव्हता.

ताईनं खिडकी उघडली आणि मला फरशीवर बसवलं. मी तिला बुक्क्या मारल्या. "का नाही सांगितलंस? कोण तू? माझी आई गेली आणि तू मला शिक्के गोळा करायला फिरवलंस!"

"मार," ती म्हणाली. "विनूनं हात जोडले फोनवर. म्हणाला, तिला कळलं तर ती उठून येईल, आणि आली की परत जाणार नाही. आईचं शेवटचं म्हणणं तेवढंच होतं म्हणाला, नाव नोंदलं जाऊ दे. मी हो म्हटलं. पण उजू, माझ्याच्यानं नुसतं बघवेना. घरात मयत झालंय आणि तू तिच्या वाती लावून आरती म्हणणार, फोडणीचं खाणार, गादीवर लोळणार. नंतर तुला कळलं असतं तेव्हा तू जन्मभर जिवाला खाल्लं असतंस, की आई गेली त्या दिवसांत मी शिरा खाल्ला. म्हटलं, तिला नाही कळत तर नाही, पण तिच्या आईचं सुतक तिच्या हातून मोडायला नको. म्हणून मी पाळून घेतलं. जमेल तसं."

माझा हात तसाच वर राहिला. मग मी तिच्या मांडीवर डोकं टाकलं आणि ओरडून ओरडून रडले. खालची तेलुगू मुलं वर आली, दारात उभी राहिली, आणि काही न विचारता परत गेली. थोड्या वेळानं दारापाशी त्यांनी भाताचं पातेलं ठेवलं होतं.

संध्याकाळ व्हायच्या आत मी दादाला फोन लावला. त्यानं उचलला आणि माझ्या श्वासावरूनच त्याला समजलं.

"कळलं तुला," तो म्हणाला.

मला त्याला शिव्या द्यायच्या होत्या. त्यानं आईचं तोंड मला शेवटचं बघू दिलं नाही, तिच्या मुखात पाणी घालू दिलं नाही, बाबांना माझ्याशी खोटं बोलायला लावलं. पण तोंडून निघालं ते वेगळंच. "तू शपथ घेतली होतीस, दादा. आईची शपथ."

पलीकडं तो रडायला लागला. माझा दादा, जो बाबांच्या पहिल्या डायलिसिसलासुद्धा रडला नव्हता, तो मोठ्यानं, तोंड उघडं टाकून रडत होता. मागं मावशी त्याला "विनू, विनू" म्हणत होती.

"मोडली नाही गं मी," तो म्हणाला. "देवाच्यान सांगतो, उजे, मी शपथ मोडली नाही. बाबांचं एक अक्षर तुझ्यापासून लपवलं नाही."

खरंच लपवलं नव्हतं. आईचं काही लपवायचं नाही, अशी शपथ मी त्याला घातलीच नव्हती. तिला काय धाड भरणार होती?